तळ कापलेला जोडा

वेर्मुंड लोहाराची तलवार तुटत नाही, असं आमच्या खाडीत बारा वर्षं म्हणत होते आणि ते खरंच होतं. एकही तुटली नाही. का तुटत नाही ते दोघांनाच ठाऊक होतं, एक वेर्मुंडला आणि दुसरं त्याच्या बायकोला, हालबेराला. दोघांनीही त्याबद्दल कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता.

माणूस कामाला वाईट नव्हता, उलट सोन्यासारखा हात होता त्याचा. दलदलीत काठी खुपसली की खाली लोखंडाचे खडे आहेत की नुसताच चिखल, ते त्याला काठीच्या आवाजावरून समजायचं. त्याच्या खिळ्यांनी जोडलेली होडी गळत नसे. त्याचे विळे, कुऱ्हाडी, चुलीवरच्या साखळ्या अजून घराघरात आहेत. भाता हालबेरा ओढायची. वीस वर्षं ओढून तिचे खांदे वल्हेकऱ्यासारखे झाले होते. ती म्हणायची, "बाकीच्या बायकांना नवऱ्यांनी मणी आणले. माझ्यानं मला खांदे दिले." आणि वेर्मुंड म्हणायचा, "मणी हरवतात."

मग स्काप्टीचं प्रकरण झालं. स्काप्टी हा समोरच्या काठावरचा तरणाबांड पोर. वेर्मुंडनं त्याला तलवार करून दिली. आता तलवारीचं असं असतं, की पातं लाल करून पाणी पाजलं की ते कडक होतं, इतकं कडक की पातळ बर्फासारखं तडकेल. म्हणून ते पुन्हा निखाऱ्यावर धरून थोडं नरम करायचं. धरलं की त्यावर रंग चढत जातात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. निळा आला की काढायचं. आधी काढलं तर तलवार तुटते, उशीर झाला तर वाकते आणि वाकलेली तशीच राहते. मध्ये वेळ असतो दोन श्वासांचा. स्काप्टीची तलवार वेर्मुंडनं जांभळ्यावरच काढली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. पहिल्याच मारामारीत ती मुठीपासून वीतभर अंतरावर तुटली आणि स्काप्टी मेला.

त्याची आई लोहारशाळेत आली. तो तुकडा तिनं ऐरणीवर ठेवला. "माझ्या लेकाच्या हातात एवढीच उरली होती," ती म्हणाली आणि निघून गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. वेर्मुंड चार दिवस जेवला नाही.

त्यानंतरच्या तलवारीला निळा रंग चढला तेव्हा हालबेरा भात्यावरून म्हणाली, "झालं." वेर्मुंडनं पातं काढलं नाही. निळा गेला, मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखा करडा रंग आला, मग त्यानं ते बाहेर ओढलं. हालबेराला वाटलं, नजर चुकली. पुढच्या तलवारीला ती मोठ्यानं म्हणाली, "काढ." त्यानं तेव्हाही काढलं नाही. तिसऱ्या खेपेला ती काही बोलली नाही. त्याचा हातच भ्यायला होता. तुटण्याची भीती इतकी बसली होती की वाकण्याचा विचार करायला मनात जागाच नव्हती.

नशीब असं की ती बारा वर्षं शांततेची गेली. तलवारी भिंतीवर टांगलेल्या राहिल्या, लग्नाकार्यात कमरेला लागल्या. भिंतीवरच्या तलवारीची कसली परीक्षा होणार? एकदा मेजवानीत पिऊन तर्र झालेल्या दोघांची जुंपली, एकाची तलवार वाकली. त्यानं ती गुडघ्यावर धरून सरळ केली आणि सगळ्यांना दाखवत म्हणाला, "बघा, वाकली पण मोडली नाही. वेर्मुंडची आहे." आम्ही सगळे हसलो. आमच्याही भिंतीवर त्याचीच होती.

वेर्मुंडला एकच मुलगी, गिरिड. भात्याच्या पायाशी बसून मोठी झालेली, बोलायच्या आधी रंग ओळखायला शिकलेली. तिचं लग्न कोल्बेनशी ठरलं. कोल्बेन म्हणजे तोंडभर वांग, पाय कधी स्थिर नाहीत, बोलायला लागला की समोरच्याची पेज निवून जायची. सासऱ्याला तो "सासरेबुवा" म्हणायचा आणि सासरा तोंडानं हूं म्हणून मनातून खूष व्हायचा. आमच्याकडे लग्नात नवरा आपल्या घराण्याची जुनी तलवार बायकोकडे सांभाळायला देतो, पुढे होणाऱ्या मुलासाठी, आणि बायको नवऱ्याला नवी कोरी देते. ती नवी वेर्मुंडनंच करायची होती, दुसरं कोण करणार?

परदेशी पोलादाची एक कांब त्यानं सात वर्षं जपून ठेवली होती. ती त्यानं काढली. सबंध हिवाळा त्या पात्यावर घालवला. पातं असं झालं की बघत राहावं. मग रंग चढवायचा दिवस आला. लोहारशाळेची दारं लावून घेतली, कारण रंग अंधारातच नीट दिसतो. हालबेरा भात्यावर होती.

पिवळा आला. तपकिरी, जांभळा.

"वेर्मुंड," हालबेरा म्हणाली, "ही गिरिडच्या नवऱ्याची आहे."

"माहीत आहे."

"मग मी सांगेन तेव्हा काढ. इतकी वर्षं मी गप्प बसले, आज बसणार नाही."

निळा आला. "काढ," ती म्हणाली. सांडशी त्याच्या हातात होती. त्याच्या डोळ्यांसमोर ऐरणीवरचा तो वीतभर तुकडा आला आणि तो तुकडा धरलेला कोल्बेनचा वांगानं भरलेला हात आला. "वेर्मुंड, काढ." तो दोन श्वास थांबला. मग आणखी दोन. पातं करडं झालं. हालबेरानं भात्याचा दांडा सोडून दिला आणि बाहेर जाऊन बर्फात उभी राहिली. संध्याकाळी तिनं त्याला वाढलं, पण स्वतः बसली नाही.

लग्नात गिरिडनं ती तलवार कोल्बेनच्या हातात दिली. तो मांडवभर मिरवला. जुनी तलवार गिरिडनं पेटीत तळाशी ठेवली.

पुढल्या वर्षी सातूची कापणी झाली, नुकतंच धुकं पडायला लागलं होतं, तेव्हा खाडीच्या तोंडाशी देवमासा किनाऱ्याला लागला. वाहून आलेला मासा ज्याच्या किनाऱ्याला लागेल त्याचा. पण हा लागला नेमका हद्दीच्या दगडावर, डोकं आमच्याकडे आणि शेपूट शेजारच्या किनाऱ्यावरच्या नेसकरांकडे. आमचे सतरा जण चाकू, टोपल्या आणि तलवारी घेऊन गेले. नेसकर आधीच चरबी कापत होते. पुढे काय झालं ते सांगायला नको.

होडी परत आली ती चरबीनं भरून आली आणि चरबीवर कोल्बेन होता. त्याचा थोरला भाऊ ओस्पाक होडीतून उतरला. कोपरापर्यंत हात तेलानं आणि रक्तानं माखलेले. वेर्मुंड पाण्यात गुडघाभर शिरून उभा होता. ओस्पाकनं तलवार त्याच्या हातात दिली.

"लोहारदादा, तुमची तलवार नाही मोडली," तो म्हणाला. "माणूस गेला, पण तुमचा शब्द राहिला. कुऱ्हाड डोक्यात बसली त्याच्या. मी पलीकडे होतो, कसं झालं ते दिसलं नाही मला."

वेर्मुंडनं तलवार पाहिली. मध्यावर ती किंचित वळलेली होती, आधी पुष्कळ वाकून मग घाईघाईनं अर्धवट सरळ केल्यासारखी.  

गिरिडला तेव्हा पाचवा महिना होता. कोल्बेनला तिनंच धुतलं, कुणाला जवळ येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती लोहारशाळेत आली. एका हातात कोल्बेनचा उजव्या पायाचा जोडा आणि दुसऱ्या हातात पेटीतली जुनी तलवार. जोडा तिनं ऐरणीवर उलटा ठेवला. तळाचं चामडं आडवं कापलेलं होतं, एका रेषेत, जवळजवळ आरपार.

"हे कशानं होतं, बाबा?"

वेर्मुंड त्या रेषेवरून अंगठा फिरवत राहिला.

"मी सांगते. तलवार वाकली. त्यानं ती पायाखाली घेतली आणि दाबून सरळ करायला लागला. तो खाली वाकला तेव्हा कुऱ्हाड बसली. म्हणून जखम डोक्याच्या मागे आहे. मागे वळून पळणारा नव्हता तो." मग तिनं जुनी तलवार जमिनीवर टेकवली, पात्यावर पाय दिला आणि सगळं वजन टाकलं. पातं धनुष्यासारखं वाकलं. पाय काढला तसं ते सपकन सरळ झालं. "ही त्याच्या आज्याची. तुझी का नाही सरळ झाली?"

"वार जोराचा बसला असेल," वेर्मुंड म्हणाला. "ढालीच्या लोखंडी काठावर बसला तर कुठलीही..."

"कुठलीही?"

"कुठलीही."

गिरिडनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचं खोटं तिच्या ध्यानात आलं, आणि तिच्या ध्यानात आलंय हे त्याच्याही. "तुझा उजवा जोडा दे," ती म्हणाली. "मेलेल्याला लांब चालायचं असतं. असल्या जोड्यानं तो कुठवर जाईल?" वेर्मुंडनं खाली बसून जोडा काढून दिला. ती तो घेऊन गेली. कापलेलाही घेऊन गेली. वेर्मुंड एक पाय उघडा घेऊन भट्टीपाशी बसून राहिला.

दुपारी ओस्पाक आला. उद्या कोल्बेनला पुरायचं, तेव्हा त्याची तलवार मारायला वेर्मुंडच हवा, हे सांगायला. आमच्याकडे धन्याबरोबर तलवारही मारतात. भट्टीत लाल करून ती दुमडायची आणि त्याच्या अंगाशी ठेवायची. ज्यानं केली तोच हयात असेल तर मारायचा मान त्याचा. "आणि दादा," ओस्पाक म्हणाला, "त्यांचेही दोघे पडलेत. पंधरवड्यात नेसकर येतील. येऊ देत. सोळा तलवारी आहेत आपल्याकडे, सगळ्या तुमच्या. पोरं निवांत आहेत."

तो गेल्यावर हालबेरा आत आली आणि भात्यापाशी टेकली.

"लाल केलेलं लोखंड कुठलंही दुमडतं," ती म्हणाली. "चांगलं असो, वाईट असो."

"हं."

"उद्या ती भट्टीत गेली की कुणालाच काही कळायचं नाही."

"हं."

"सुटलास तू."

"तू का नाही बोललीस कुणाला, बारा वर्षं?" वेर्मुंडनं विचारलं.

"तुला बोलले होते ना," हालबेरा म्हणाली. "दुसऱ्या कुणाला काय बोलणार? माझाच नवरा." मग ती रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "मीपण खाल्लंच की त्या तलवारींवर. माझ्या अंगावरची लोकर त्यातलीच आहे."

दुसऱ्या दिवशी धुकं होतं. टेकाडावर खड्डा खणून त्यात कोल्बेनला एका कुशीवर ठेवला होता, एका पायात स्वतःचा जोडा आणि दुसऱ्यात सासऱ्याचा. शेजारी दगडांच्या वर्तुळात कोळशाची भट्टी पेटवली होती. सगळी खाडी जमली होती. गिरिड खड्ड्याच्या काठाशी उभी होती, हात पोटावर. ओस्पाकनं तलवार वेर्मुंडकडे दिली.

वेर्मुंड एक पाय अनवाणीच आला होता. त्यानं भट्टीकडे पाहिलं. तिच्यात ती ठेवायची, लाल होऊ द्यायची, दोन घाव घालायचे, संपलं. जन्मभर त्यानं आगीला जे मागितलं ते तिनं दिलं होतं, हेही दिलं असतं. मग त्याला आमची सोळा जणांची रांग दिसली, प्रत्येकाच्या कमरेला तीच ती त्याच्या हातची मूठ.

तो भट्टीजवळून पुढे निघून गेला. एका दगडावर त्यानं पातं टेकवलं, उघडा पाय त्यावर ठेवला आणि मूठ वर ओढली. थंड पातं ओल्या फांदीसारखं वाकलं. तो ओढत राहिला. मूठ टोकाला येऊन लागली. पायाला कापलं, रक्त दगडावर आलं. मग त्यानं पाय काढला आणि तलवार सगळ्यांसमोर धरली. ती दुमडलेलीच राहिली.

"सगळ्या अशाच आहेत," तो म्हणाला. "स्काप्टीनंतरच्या सगळ्या. मला भीती वाटत होती."

आधी कुणाच्या काही ध्यानातच आलं नाही. मग ओस्पाकनं आपली तलवार काढून पायाखाली घेतली. ती वाकली आणि तशीच राहिली. शेजाऱ्यानं काढली. मग एकेकानं. त्या टेकाडावर नुसता पात्यांवर पाय पडल्याचा आवाज येत होता. मीही माझी काढली होती. ती पायाखालून काढून मी परत म्यानात घालायला गेलो, तर आत जाईना.

ओस्पाक वेर्मुंडच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. आम्हाला वाटलं आता मारतो. वेर्मुंडलाही वाटलं असावं, कारण त्यानं मान खाली केली.

"तुम्हाला मारायला मला वेळ नाही, दादा," ओस्पाक म्हणाला. "कडक होतील का परत?"

"लाल करून पुन्हा पाणी पाजलं तर होतील. पोलाद आहे त्यांच्यात. नंतर माझा हात..." तो थांबला. "माझ्या हाताचा भरवसा नाही."

"मग कुणाच्या हाताचा आहे?"

 गिरिडनं बापाच्या हातातून दुमडलेली तलवार घेतली, खाली वाकून कोल्बेनच्या छातीशी ठेवली, पहिली मूठभर माती टाकली आणि सरळ लोहारशाळेच्या वाटेला लागली.

ती भात्यावर बसली. हालबेरानं दांडा मुकाट्यानं तिच्या हातात दिला. वेर्मुंडनं पहिलं पातं लाल केलं, पाणी पाजलं, निखाऱ्यावर धरलं. पिवळा, तपकिरी, जांभळा.  निळा चढला. "काढ," गिरिड म्हणाली. त्यानं काढलं. पायाखाली घालून पाहिलं तर ते सरळ झालं. मग दुसरं. चौदा दिवसांत सोळा तलवारी झाल्या. त्या चौदा दिवसांत ती बापाशी तेवढा एकच शब्द बोलली.

नेसकर आले. आमची तीन माणसं गेली, त्यांची सहा. कुणाची तलवार वाकली नाही. एकाची तुटली. ओस्पाकची, आणि तो त्यातच गेला. तीही बाकीच्यांसारखी निळ्यावरच काढलेली होती, गिरिडनं सांगितलेल्या क्षणाला. पात्याच्या आत कुठेतरी जुना दोष असेल, तो बाहेरून कुणाला दिसणार? ओस्पाकच्या बायकोनं तुकडा आणून ऐरणीवर ठेवला. गिरिड भात्यावर होती. तिच्या हातातला दांडा थांबला. वेर्मुंडनं पुढे होऊन तो तुकडा उचलला आणि म्हणाला, "हे माझं आहे. पातं मी केलं होतं."  दुसऱ्या दिवशी गिरिड पुन्हा भात्यावर येऊन बसली. निळा आला तेव्हा तिचा आवाज थोडा चिरकला, पण "काढ" ती त्याच वेळेला म्हणाली.

पुढे अकरा वर्षं ती बापाच्या भात्यावर होती. तिला मुलगी झाली, ती चालायला लागली, आजोबाच्या मांडीवर बसून दही खाऊ लागली. त्याला ती कधी आड आली नाही. पण स्वतः त्याच्याशी त्या एका शब्दापलीकडे बोलली नाही. वेर्मुंड तिच्या तोंडाकडे पाहत राहायचा, कधी दुसरा शब्द येईल म्हणून. लोक सांगतात की शेवटी शेवटी तो नसलेली कामंही काढायचा, जुन्या सुऱ्यांनासुद्धा पाणी पाजायचा, केवळ ते ऐकायला मिळावं म्हणून. मी स्वतः पाहिलंय, खरं आहे ते.

तो बर्फ वितळायच्या दिवसांत गेला, खोकून खोकून. लोहाराला त्याच्या हत्यारांसह पुरतात. हातोडा ठेवला, सांडशी ठेवली. मग जोडे बांधायची वेळ आली. टेकाडावर एक पाय अनवाणी आला होता त्या दिवसापासून वेर्मुंडनं उजव्या पायाला नवा जोडा कधी शिवून घेतलाच नाही, चिंध्या गुंडाळून चालायचा. गिरिड घरात गेली, पेटीच्या तळातून कोल्बेनचा तो जोडा घेऊन आली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कापलेला जोडा बापाच्या पायात घालायचा म्हणजे त्याला अर्ध्या वाटेवर पाडायचं. कुणीतरी तिला अडवायला पुढे झालं.

हालबेरानं तिच्या हातातून जोडा घेऊन उलटा केला. तळ शिवलेला होता, बारीक, घट्ट टाक्यांनी. दोरा जुना, काळा पडलेला. हालबेरानं तो दोरा बोटांनी चाचपला.

"हा मी पिळलेला," ती म्हणाली. "ओस्पाक गेला त्या हिवाळ्यातला. त्यानंतर माझी बोटं धरली, मी दोरा पिळलाच नाही." तिनं लेकीकडे पाहिलं. "तेव्हाच शिवलास? अकरा वर्षांपूर्वी?"

गिरिड बापाच्या पायाशी बसली होती. तिनं जोडा त्याच्या पायात चढवला.

"मग त्याला सांगितलं का नाहीस ग? किती वाट पाहिली त्यानं."

गिरिडनं बंद घोट्याभोवती दोनदा फिरवला आणि गाठ मारली.

"रोज वाटायचं, उद्या सांगेन," ती म्हणाली.